वहिनी आणि भाग न जाणारी संख्या

भाताची कापणी उरकलेली, कातळावरचं गवत पिवळं पडून वाऱ्यात करकरणारं, भाट्याच्या खाडीकडून येणारी हवा दुपारच्या उंबऱ्याशीच थबकलेली, आणि त्या स्तब्धतेला बारीक दातांनी कुरतडणारा एकच आवाज: कागदावर चालणाऱ्या पेन्सिलीचा. माझ्या वहिनींची मूर्ती मनात उभी राहते ती चेहऱ्यानं नाही, या आवाजानं. त्या मागच्या पडवीत बसलेल्या असत, भिंत जवळ असूनही तिला पाठ न टेकता, एक पाय दुमडलेला आणि दुसरा उठण्याच्या तयारीत जमिनीवर रोवलेला. जणू बसणं हे त्यांच्या लेखी दोन येरझाऱ्यांमधलं अपरिहार्य स्वल्पविरामाचं ठिकाण होतं. पेन्सील थांबली की त्या उठत, अंगणाच्या पायरीपर्यंत जात, फाटकाकडे पाहत, परत येत. मग पुन्हा खरखर सुरू होई.

त्यांचं नाव सुनंदा. लांज्याकडच्या एका वाडीतल्या मुंबईकर कामगाराची ही लेक आमच्या घरात आली तेव्हा मी शाळकरी होते, आणि घरात गणित विषयाची पदवी घेतलेलं माणूस आलं याचं आमच्या आईला इतकं कौतुक, की पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ती चारचौघींना मुद्दाम सांगायची, ‘आमच्या सुनेला एका शाळेत घेतलंय हो, पोरांना गणित शिकवायला.’ वहिनी वर्गातही कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांच्या विद्यार्थिनी सांगत, बाई फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत सारख्या फिरतात, आणि उत्तर चुकलं की थांबतात. त्यांचं थांबणं हीच शिक्षा होती. माझा भाऊ, विलासदादा, मालवाहू जहाजावर फिटर. तो वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असे, आणि घरी आला की त्यांच्या या भिरभिरण्याकडे पाहून हसत म्हणे, ‘इंजिन माझ्या जहाजात नाही, इथे आहे.’

दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला वहिनी फळ्यावर एक संख्या लिहीत: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ही मूळ संख्या आहे, त्या सांगत, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज हिला कुणाचाही नि:शेष भाग जात नाही. पण अशा संख्या पुष्कळ. हिचं वेगळेपण पुढे आहे. मग त्या डस्टरच्या कोपऱ्यानं उजवीकडचा शेवटचा अंक पुसत. ७३९३९१३. ही पण मूळ. आणखी एक पुसत. ७३९३९१. हीसुद्धा. ७३९३९. ७३९३. ७३९. ७३. एकेक अवयव गळत जातो, आणि दर वेळी जे उरतं ते तितकंच अभंग, तितकंच स्वतःपुरतं. शेवटी फळ्यावर नुसता सात राहतो, आणि सातही मूळच. ‘आता त्या पूर्ण आठ अंकी संख्येला वाढवून बघा,’ त्या म्हणत. पुढे एक लावला किंवा सात लावला, तर अंकांची बेरीज तीननं तुटते, म्हणून संख्याही तुटते. तीन आणि नऊ लावले तर मोठ्या संख्येनं तुटते, पण तुटते. आणि बाकीचे अंक तर दोन-पाचानंच मोडून जातात. शेपूट तोडली तरी अभंग राहणाऱ्या संख्यांमध्ये हिच्याहून मोठी एकही नाही. उतरायला जिना आहे, चढायला पुढची पायरी नाही.

हे सगळं मला तेव्हा एक देखणं नवल वाटे. मी मराठी शिकवणारी. मला त्या संख्येच्या उच्चारातली लय आवडे, एकोणचाळीसचा दोनदा येणारा झोल आवडे. तिच्यातून कधी कुणाच्या घराची झोप उडेल असं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी दादाचं जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर अडकलं. मालकाचं दिवाळं वाजलं होतं, बंदराचं भाडं थकलेलं, आणि बंदर जहाजाला आत घेईना की सोडीना. जहाजावर अठरा माणसं. किनारा डोळ्यांना दिसतो पण पाय ठेवता येत नाही, असं दादानं एका फोनवर सांगितलं. डिझेल संपत आलंय, दिवसातून दोनच तास वीज, पिण्याचं पाणी मोजून. पुढे फोनही विरळ होत गेले. मी माझं बिऱ्हाड बंद करून वहिनींकडे राहायला आले; आई वारून वर्षं झाली होती, त्यांची लेक कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती आणि एवढ्या मोठ्या अस्वस्थतेसोबत एकट्या माणसानं एका घरात राहू नये असं मला वाटलं.

ज्या एजंटानं दादाला जहाजावर लावलं होतं त्याचा फोन मात्र नियमित येई. मध घातल्यासारखा आवाज. ‘मॅडम, काही काळजी नको. वाटाघाटी सुरू आहेत. पुढच्या आठवड्यात शंभर टक्के.’ पुढचा आठवडा येई आणि त्याच्या पुढच्या आठवड्याकडे बोट दाखवून निघून जाई. नातेवाईक म्हणत, सगळं ठीक होईल. शाळेतल्या सहकारी म्हणत, चांगला विचार करा म्हणजे चांगलंच होतं. वहिनी सगळ्यांचं ऐकून घेत, मान डोलवत, आणि फोन ठेवला की सबंध घरभर फिरत: स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून पडवीत, बंद खिडक्या उघडत, उघड्या बंद करत. हवेत लोंबकळणाऱ्या त्या आश्वासनांना टेकायला घरात कुठे एखादी खुंटी आहे का, हे जणू त्या शोधत होत्या.

एके दिवशी शाळेतून आल्या त्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. पाठीमागची बाजू कोरी असलेले कागद. पडवीत बसल्या आणि पहिल्या पानावर ती आठ अंकी संख्या लिहिली.

‘काय करताय, वहिनी?’ मी विचारलं.

‘ही मूळ आहे का ते बघते.’

‘आहेच ना. तुम्हीच तर दरवर्षी सांगता.’

‘सांगते. पण पुस्तकात वाचून सांगते.’ पेन्सिलीला टोक काढता काढता त्या म्हणाल्या, ‘सहा अंकी तुकड्यापर्यंतच्या मी एकेकाळी स्वतः तपासल्यात. पुढच्या नाही. ही तर मुळीच नाही.’

‘मोबाइलवर क्षणात कळेल की.’

‘मोबाइल सांगेल गं. मला कळणार नाही.’

त्या वेळी मला हे विचित्र वाटलं, आणि थोडं भीतीदायकही. पण त्यांनी मला रीत समजावून दिली ती इतक्या शांतपणे, की त्या महिन्यांत मी ऐकलेलं तेवढंच एक स्थिर बोलणं असावं. एखाद्या संख्येला भाग जाणार असेल तर भाजक जोडीनं येतात, एक धाकटा, एक थोरला. आणि धाकटा नेहमी संख्येच्या वर्गमुळाच्या अलीकडेच सापडतो. या संख्येचं वर्गमूळ साडेआठ हजारांच्या जरा पुढे. म्हणजे तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं. अशा भागणाऱ्या संख्या हजाराहून थोड्या अधिक. प्रत्येक वेळी बाकी उरली पाहिजे. एकदा जरी शून्य आलं, तरी सगळं संपलं. ‘हजार माणसांनी हजारदा दार ठोठावायचं,’ त्या म्हणाल्या, ‘आणि दार एकदाही उघडता कामा नये.’

अशा रीतीनं आमच्या घरात त्या संख्येचा मुक्काम सुरू झाला. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी दोन भागाकार, परतल्यावर चार-पाच. दिवेलागणीला कागद आवरले जात. कार्तिकाचं ऊन निवत गेलं, पहाटे कौलांवर दव दिसू लागलं, शेजारच्या बागेतल्या कलमांना मोहोराची पहिली तांबूस टोकं फुटली, आणि त्या कागदांवर आकड्यांचे जिने उतरत राहिले. भाग जात नाही. भाग जात नाही. मी कॉलेजातून येताना फाटकातच कान देई. पेन्सील चालू असली तर बरं वाटे. नसली तर समजावं, वहिनी कुठेतरी चालताहेत.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी एजंटाचा फोन आला. आवाजात नेहमीपेक्षा जास्त मध. ‘मॅडम, अभिनंदन. चौघांना पहिल्या तुकडीत सोडतायत. आपल्या साहेबांचं नाव आहे त्यात. पेढे तयार ठेवा.’ वहिनींनी फोन ठेवला. मी त्यांना मिठी मारली. त्या दिवशी घर जरासं गायलं. त्यांनी नारळ खवला, कोळंबीचं सार केलं, लेकीला फोन केला, आणि जेवणानंतर सवयीनं पडवीत जाऊन बसल्या. मी आत पुस्तक वाचत होते. पेन्सिलीची खरखर मध्येच तुटली आणि मग इतकी लांब शांतता पसरली, की मी उठून बाहेर गेले.

वहिनी उभ्या होत्या. चेहरा पांढरा.

‘संध्या, भाग गेला.’

‘म्हणजे?’

‘तीनशे सदुसष्टनं. बाकी शून्य.’

मला वाटलं, बरं झालं. सुटल्या एकदाच्या या छळातून. तसं मी म्हणालेही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले असावे. पुस्तकं लिहिणारे, ती शिकवणारे, इतकी वर्षं फळ्यावर ती संख्या लिहिणाऱ्या त्या स्वतः, सगळे एका क्षणात खोटे ठरले होते. त्या पुन्हा बसल्या आणि आलेल्या भागाकाराला तीनशे सदुसष्टनं उलट गुणू लागल्या. खरोखरच भाग गेला असेल तर गुणाकार मूळ संख्येवर पोचला पाहिजे. तो पोचला नाही. शेवटी एकशे तेहतीसच्या जागी एकशे तेवीस आलं. दहा कमी.

‘दहा,’ त्या पुटपुटल्या, आणि शेवटच्या पायरीवर बोट ठेवलं. तीनशे सदुसष्ट नवे तीन हजार तीनशे तीन. त्यांनी लिहिलं होतं तीन हजार तीनशे तेरा. सहा नवे चोपन्न आणि हातचे सहा, साठ. त्यांच्या हातानं एकसष्ट धरले होते. सबंध शून्य त्या एका आकड्यावर उभं होतं.

मी हसले. ‘चूक झाली एवढंच ना? कुणाकडूनही होते.’

‘माझ्याकडून पाढ्यात होत नाही, संध्या.’ त्या कागदाकडेच पाहत होत्या. ‘सकाळपासून मन म्हणतंय, सुटलं, सुटलं. हातानं तेच ऐकलं. मला शून्य हवं होतं म्हणून आलं.’ मग त्या उठल्या, पदर खोचला. ‘आता तो सकाळचा फोनही उलटा गुणून बघते.’

दादानं निघताना जहाजावरच्या दोघातिघांच्या घरचे नंबर देऊन ठेवले होते. एकाकडून दुसऱ्याचा मिळत गेला. त्या अठरांत आपल्या जिल्ह्यातले सात. वहिनींनी संध्याकाळपर्यंत बाकीच्या सहाही घरी फोन केले. मालगुंडच्या एका तरुण खलाशाचे वडील आनंदानं ओरडूनच बोलत होते: आमच्या पोराचं नाव पहिल्या चौघांत आहे! पावसच्या जुबेदाभाभी, ज्यांचे यजमान इस्माईलभाई जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते, त्याही म्हणाल्या: आमचे पयल्या चौघांत हायत. आणखी चार घरी तेच उत्तर. शेवटचा फोन ठेवून वहिनी माझ्याकडे वळल्या.

‘चौघांत सातजण मावतात का गं?’

त्या प्रश्नात उपरोध नव्हता. त्यांना खरोखर कुणीतरी हे गणित सोडवून द्यायला हवं होतं.

त्यानंतर घरातलं वारं बदललं. कागद सुटले नाहीत, पण वहिनींची ती बिनदिशेची भिरभिर एका रेषेत आली. रोज एका घरी फोन, रोज एजंटाला एकच प्रश्न: चौघांची नावं सांगा. तो नावं सांगेना. मग तो फोन घेईना.

पौषात, सकाळी वहिनी शाळेला निघायच्या बेतात असताना, अनोळखी नंबरवरून फोन वाजला. दादा. कुणा दुसऱ्या बोटीवरच्या माणसाचा फोन मागून घेतला होता. आवाज लाटांवरून घरंगळत यावा तसा तुटक. वहिनींनी स्पीकर लावला. ‘...सुनंदा... ऐक... इस्माईलभाई गेला... आम्ही सगळे...’ आणि लाइन तुटली. परत लावली तर लागली नाही. दिवसभर लागली नाही.

‘गेला.’ आमची भाषा मला तेव्हा प्रथमच निर्दय वाटली. घरी जायला निघालेला माणूसही गेला, आणि परत कधीच न येणाराही गेलाच. एकाच क्रियापदाच्या दोन दारांपैकी दादानं कुठलं उघडलं होतं? वहिनींनी एजंटाला शाळेतल्या फोनवरून गाठलं. तो तत्परतेनं म्हणाला, ‘हो हो, इस्माईल सुटला. वाटेत आहे. मी म्हटलं नव्हतं?’

दुपारी त्या घरी आल्या आणि पर्स न ठेवताच म्हणाल्या, ‘पावसला जाऊन येते.’

‘कशाला? काय सांगणार? आपल्यालाच नक्की ठाऊक नाही. दादाचा पुन्हा फोन येईपर्यंत थांबा.’

‘एजंटानं तिला आत्तापर्यंत फोन केला असेल. वाटेत आहे म्हणून. ती अंगण सारवायला लागली असेल.’ त्या चपला घालत होत्या. ‘मला ऐकू आलेलं मी दाबून ठेवलं तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय?’

मी त्यांच्यासोबत गेले. एसटी भाट्याच्या पुलावरून जाताना खाडी आरशासारखी निश्चल होती आणि वहिनींचा गुडघा सबंध वाटभर हलत होता. पावसच्या त्या घरापुढे खरोखरच अंगण ताजं सारवलेलं होतं. जुबेदाभाभी पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर ओढणी. आत परातीत तांदळाचं पीठ मळायला घेतलेलं. त्यांनी आनंदानं हात पुढे केले आणि आमचे चेहरे पाहून ते हात तिथेच राहिले.

‘भाभी, मला एक शब्द ऐकू आला,’ वहिनी म्हणाल्या. ‘तो तसाच सांगते. त्याच्या पुढचं मला माहीत नाही, आणि मी ओळखूनही सांगणार नाही. माझे यजमान म्हणाले, इस्माईलभाई गेला. मग फोन तुटला.’

परसातली एक कोंबडी कुठेतरी कलकलली. भाभींनी पीठ लागलेले हात ओढणीला पुसले नाहीत, तसेच अधांतरी धरले.

‘खरा काय ता सांगा, बाई.’

‘खरं एवढंच आहे.’

‘बरा.’ त्यांनी बोटांवरचं पीठ खरवडलं. मग विचारलं, ‘सांगताना आवाज कसा होता तेंचा?’

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांना गप्प राहता आलं असतं. रेंज नव्हती म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं.

‘रडवेला होता,’ त्या म्हणाल्या.

जुबेदाभाभी हळूच खाली बसल्या. वहिनीही बसल्या, त्यांच्या शेजारी, ओल्या सारवणावर. आणि ऊन माडांच्या शेंड्यावरून उतरून कुंपणाबाहेर जाईपर्यंत बसून राहिल्या. मी त्यांना इतका वेळ एका जागी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

दोनच दिवसांनी सातही घरची माणसं पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेली. जहाजांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात आम्ही बाकांवर, खिडक्यांच्या कठड्यांवर, जिन्यात बसलो. वहिनी बसल्या नाहीत. आत बोलावणं आलं तेव्हा साहेबांनी फाइल उघडून समजुतीनं सुरुवात केली: प्रकरण गुंतागुंतीचं आहे, अनेक यंत्रणा आहेत, चौकशी सुरू आहे.

‘साहेब, मला एकच विचारायचंय,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्या जहाजावर आज किती माणसं जिवंत आहेत?’

‘त्याबद्दलही चौकशी...’

‘चौकशी नको. संख्या हवी. पूर्ण संख्या आहे ती, अपूर्णांकात असत नाही. अठरा गेले होते. आज किती?’

साहेबांनी फाइल मिटली. वाईट माणूस नसावा तो. हा प्रश्न इतक्या सरळपणे कुणी विचारलाच नव्हता. त्यानं फोन लावला. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून परदेशातल्या वकिलातीत. आम्ही थांबलो. कुणीतरी चहा आणला, तो कपातच गार झाला. दुपार कलल्यावर साहेब स्वतः बाहेर आले, आणि बाकाशी येऊन, कुणाच्याही डोळ्यांत न पाहता म्हणाले, ‘सतरा.’

मालगुंडच्या त्या खलाशाच्या वडिलांनी तोंड झाकून घेतलं. जुबेदाभाभींना दोन दिवसांपूर्वीच सगळं कळून चुकलं होतं. तरीही तो आकडा ऐकताना त्यांचा देह एखाद्या झाडाला आतून घाव बसावा तसा हलला. ‘एवढा इचारायला एवढे दिवस?’ त्या एवढंच म्हणाल्या.

मृत्यूची अधिकृत नोंद झाल्यावर मात्र कुणालाच डोळेझाक करता येईना. खलाशांच्या संघटनेनं जोर लावला, वृत्तपत्रांत बातमी आली, तिकडच्या न्यायालयानं माणसांना सोडायला सांगितलं, आणि शिमग्याच्या तोंडावर दादा रत्नागिरीच्या स्थानकावर उतरला. दाढी वाढलेली, कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबणारे. वहिनी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होत्या आणि तो नेमका मधोमध उतरला. दोघंही एकमेकांपुढे उभी राहिली. ‘बारीक झालास,’ त्या म्हणाल्या. ‘तू पण,’ तो म्हणाला. चारचौघांत त्यांनी एकमेकांना जन्मात कधी मिठी मारली नव्हती, तिथेही मारली नाही. रिक्षात मात्र वहिनींनी त्याचं मनगट असं धरून ठेवलं होतं, की घरी उतरल्यावर तिथे बोटांचे लाल वळ होते.

दादा आला, पण घर निवलं नाही. अस्वस्थतेनं फक्त माणूस बदललं. तो ताटावरून अर्ध्यात उठे. नळ गळताना ऐकला की धावत जाऊन बंद करी. आम्ही इस्माईलभाईंविषयी काही विचारू या भयानं आधीच दुसरा विषय काढी. तापानं गेले, औषध किनाऱ्यावरच होतं, बोट मागून मागून आली नाही, तिथल्याच मातीत पुरलं, एवढं त्यानं पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं. वहिनी त्याला पावसला जाऊ या म्हणत. तो म्हणे, पुढच्या रविवारी. पुढचा रविवार येई आणि जाई.

आणि या सगळ्यातून ती पेन्सील चालूच होती. मला वाटलं होतं, दादा परतल्यावर ते कागद रद्दीत जातील. तसं झालं नाही. ‘अर्धवट तपासलेली गोष्ट न तपासलेलीच असते,’ त्या म्हणाल्या. चैत्राचं ऊन कौलांतून ठिबकू लागलं, बागांमधून आंब्याच्या पेट्या ठोकल्याचे आवाज येऊ लागले, घामानं कागद मनगटाला चिकटू लागला. पाच हजार ओलांडले. सात हजार ओलांडले. दादा आधी लांबून पाही, मग शेजारी येऊन बसू लागला. टोकं बोथट झालेल्या पेन्सिली तासून देई. त्याच्या हातांना काही काम मिळालं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी त्यांनी आठ हजार पाचशे सत्त्याण्णवनं भागलं. भागाकार बरोबर आठ हजार सहाशे आला, बाकी चार हजार नऊशे तेहतीस. यापुढची मूळ संख्या वर्गमुळापलीकडची. त्यांनी उलटा गुणाकार करून पाहिला, बाकी मिळवली, आणि पेन्सील खाली ठेवली.

‘मग?’ दादानं विचारलं.

‘मूळ आहे.’

‘ते तर आधीच ठाऊक होतं ना?’

‘लोकांना होतं,’ वहिनी म्हणाल्या. उठून नळावर गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, शिशाचा काळा थर साबणानं दोनदा घासून काढला. चेहऱ्यावर आनंद नव्हता, थकवाही नव्हता. एखाद्या दूरच्या नातेवाइकाला गाडीत बसवून परतलेल्या माणसाची असते तशी एक रिकामी, स्वच्छ मुद्रा होती. हात पुसत त्या दादासमोर उभ्या राहिल्या. ‘माझं झालं. आता तुझं. शर्ट घाल, पावसला जायचंय.’

या वेळी तो नाही म्हणाला नाही.

जुबेदाभाभींनी ओटीवर चटई घातली. सरबत आणलं. दादा मान खाली घालून बसला, आणि बोलू लागला. इस्माईलभाई शेवटपर्यंत सगळ्यांना नावानं हाक मारून जेवायला बोलवत, ताटात नुसता भात असला तरी. तांदूळ संपत आला तेव्हा पेज करत आणि म्हणत, आज पावसची पेज आहे, हॉटेलात मिळत नाही. ताप चढल्यावरही उठून चुलीशी येत. दोघांनी धरून न्यावं लागे. एकदा ग्लानीत त्यांनी विचारलं होतं, अंगणातला फणस धरला का?

‘धरलान औंदा,’ भाभी म्हणाल्या. ‘भरून धरलान.’

मग त्यांनी विचारलं, ‘आमच्यानं तिकडं जावणार नाय. तेंची कबर कुठल्या बाजूला हाय ता तरी दाखवा.’

दादा उठला. ओटीच्या कडेला गेला, सूर्य पाहिला, क्षणभर खलाशाच्या सवयीनं मनात काही जुळवलं, आणि माडांच्या दोन बुंध्यांमधून, जिथे समुद्र दिसत नव्हता पण होता, तिकडे हात केला. भाभींनी चटई उचलली, त्या दिशेला तोंड करून पुन्हा अंथरली आणि तिच्यावर बसल्या. वहिनी अंगणात इकडून तिकडे फिरत होत्या. त्याही फिरता फिरता त्याच बाजूला वळून उभ्या राहिल्या.

काळ माणसांना आपल्यापासून दूर नेतो, असं मी इतकी वर्षं समजत आले. त्या संध्याकाळपासून वाटतं, तो त्यांना दूर नेत नाही, एका दिशेला ठेवून येतो. आणि मागे राहिलेली माणसं भात शिजवताना, वाळवण उलथताना, दाराला कडी घालताना, आयुष्यभर नकळत थोडी तिकडे वळलेली असतात.